घरकुल मिळालं, पण गटार, शाळा, बस कुठंय? स्वस्त घर खरंच स्वस्त कधी पडतं?

तासगाव, सांगली, मिरज या पट्ट्यात घर घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गुंठा कितीला?" फ्लॅट, रो-हाऊस, बंगला हे सगळं नंतर. एक-दीड गुंठ्याचा तुकडा घ्यायचा, जमतील तशा दोन खोल्या काढायच्या, वर पत्रा टाकायचा आणि पुढं पैसे आले की स्लॅबचं बघायचं. आपल्याकडं सर्वसामान्य माणूस घर बांधतो ते असं. सरकारी घरकुलाचे पैसेही बऱ्याचदा अशाच तुकड्यावर खर्च होतात.

मग पहिला पावसाळा येतो. काळ्या रानात पाडलेला प्लॉट, त्यामुळं रस्त्याचा चिखल गुडघाभर. रिक्षावाला कोपऱ्यावरच "इथंच उतरा" म्हणतो. पोरं चप्पल हातात घेऊन शाळेला जातात. शोषखड्डा भरून वर येतो, कारण खालची माती पाणी शोषायलाच तयार नसते. उन्हाळ्यात उलटं, नळाला पाणी नाही म्हणून टँकर.

घराचा खर्च वहीत लिहिलेला असतो. या सगळ्याचा खर्च कुणी लिहीत नाही. या लेखात आपण तोच बघणार आहोत. घरासोबत पाणी, गटार, शाळा, दवाखाना, बस या गोष्टी आल्या तर काय होतं, नाही आल्या तर काय होतं, आणि मुळात त्या आणायच्या कुणी. यासाठी फार लांब जावं लागत नाही. एक उदाहरण तासगावच्या शेजारीच आहे आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे.

आधी 'परवडणारं' म्हणजे काय ते बघू

२००८ मध्ये केंद्र सरकारला परवडणाऱ्या घरांबद्दल सल्ला देण्यासाठी दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली एक कृतिदल नेमलं होतं. त्यांनी सोपा हिशेब मांडला. घराचा हप्ता किंवा भाडं कुटुंबाच्या महिन्याच्या एकूण उत्पन्नाच्या ३० ते ४० टक्क्यांच्या आत राहिलं तर ते घर परवडणारं.

हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक भोक आहे. शहराच्या मधलं घर महाग आणि दहा किलोमीटर लांबचं स्वस्त. लांबच्या घरात राहणारा माणूस हप्त्यात वाचवलेले पैसे पेट्रोलमध्ये घालतो. अमेरिकेतल्या शिकागोच्या 'सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी' या संस्थेनं म्हणून घर आणि प्रवास असा एकत्र हिशेब सुरू केला. दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असेल तरच ते ठिकाण परवडणारं, असं त्यांचं मोजमाप आहे.

हे आपल्या भाषेत करून बघू. आकडे नमुन्यादाखल आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा एका घरात महिन्याला १८,००० रुपये येतात. ४५ टक्के म्हणजे ८,१०० रुपये. हे कुटुंब गावात ५,००० रुपये भाड्यानं राहतं. काम, शाळा, बाजार सगळं चालत. मग ते गावाबाहेरच्या स्वतःच्या घरात जातं. हप्ता फक्त ३,५००. पण आता मोटरसायकलला रोजचं ८० रुपयांचं पेट्रोल, महिन्याचे २६ दिवस धरले तर २,०८०. बायकोला कामाला जायला वडाप, रोजचे ४०, म्हणजे १,०४०. दोन पोरांच्या शाळेच्या गाडीचे १,४००. पाण्याचे जार आणि अधूनमधून टँकर मिळून ६००. बेरीज ८,६२०. म्हणजे ५,००० चं घर परवडत होतं आणि ३,५०० चं परवडत नाही.

यात अजून एक गोष्ट धरलेलीच नाही. अंगणवाडी किंवा पाळणाघर जवळ नसेल तर लहान मूल असलेली बाई कामालाच जात नाही. मग १८,००० पण १८,००० राहत नाहीत.

गुंठा स्वस्त का असतो?

सांगली जिल्ह्यात हा विषय गुंठेवारीशिवाय पुढं जात नाही, म्हणून ते नीट समजून घेऊ.

शेतजमिनीचे कायदेशीर प्लॉट पाडायचे तर लेआउट मंजूर करून घ्यावा लागतो. त्यात पुरेशा रुंदीचे रस्ते सोडायचे, मोकळी जागा सोडायची, गटारीचा उतार दाखवायचा. हे सगळं सोडल्यावर विकायला जमीन कमी उरते, त्यामुळं उरलेल्या प्लॉटचा दर वाढतो. गुंठेवारीत हे काहीच सोडायचं नाही. मधे एक बोळ ठेवायचा आणि बाकी सगळं गुंठ्या-गुंठ्यानं विकून टाकायचं. म्हणजे तो गुंठा स्वस्त असतो कारण त्यातून रस्ता, गटार आणि मैदान आधीच वजा झालेलं असतं. घेणाऱ्याला हे माहीत असतं का? बऱ्याचदा असतं. पण त्याच्या खिशात तेवढेच पैसे असतात.

अशी घरं इतकी वाढली की सरकारला २००१ मध्ये महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम आणावा लागला. १ जानेवारी २००१ पर्यंतची गुंठेवारी शुल्क आणि विकास आकार भरून नियमित करता येईल, असं त्यात म्हटलं होतं. नंतर २०२१ मध्ये ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं नेली.

कागद नियमित झाला म्हणून जमिनीचा उतार बदलत नाही. सांगलीतलं शामरावनगर दर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यामुळं बातम्यांत येतं ते काही उगाच नाही. सखल भाग, काळी माती, आधी घरं आणि मग गटारीचा विचार. अशा वस्तीत नंतर सेवा आणायच्या म्हणजे काय होतं बघा. प्रत्येकानं आपापल्या अंदाजानं जोतं बांधलेलं असतं, कुणाचं दोन फूट, कुणाचं चार. रस्ता करताना मुरूम टाकून उंची वाढवतात. दोन वेळा रस्ता झाला की कमी जोत्याचं घर रस्त्याच्या खाली जातं आणि रस्त्याचं पाणी उंबऱ्यातून आत येतं. म्हणजे रस्ता मागितला म्हणून घरात पाणी आलं. गटारीला उतार हवा, तर मधेच कुणाचा तरी कट्टा, कुणाची तरी पायरी. ज्या कामाला सुरुवातीला फक्त जागा सोडायची होती त्याला आता पाडापाडी लागते, आणि नगरसेवक झाला तरी मतदाराची पायरी कोण पाडणार?

आता जाऊ किर्लोस्करवाडीला

पलूस तालुका वेगळा होण्याआधी हा भाग तासगाव तालुक्यात मोडायचा. त्याच्याही आधी, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वी, तो औंध संस्थानात होता.

गोष्ट अनेकांना माहीत असते, पण ती कारखान्याची गोष्ट म्हणून. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगराचा कारखाना बेळगावात होता. तिथल्या नगरपालिकेनं जागा सोडायला लावली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना संस्थानात हवी ती जागा घ्या असं सांगितलं आणि १०,००० रुपये उसनेही दिले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ निवडला. निवडुंग, दगड आणि साप एवढंच तिथं होतं. १९१० च्या मार्चमध्ये काम सुरू झालं.

आता हीच गोष्ट घराच्या बाजूनं वाचू. बेळगावसारखं शहर सोडून कामगार आपल्या बायकापोरांना घेऊन या माळावर का येईल? पगार कितीही दिला तरी माळावर पोराला शाळा नाही, आजारी पडलं तर डॉक्टर नाही, पाणी नाही, वाण्याचं दुकान नाही. म्हणजे कारखाना चालवायचा तर गाव वसवणं भाग होतं. वाडीच्या घरांबद्दल आपण "केवढी दूरदृष्टी" म्हणतो, ती होतीच. पण त्यामागं व्यवहारही होता, आणि मला हा व्यवहार जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण दूरदृष्टी एखाद्याकडं असते, एखाद्याकडं नसते. व्यवहार समजावून सांगता येतो.

परदेशात अशी कारखान्याची गावं तेव्हा उभी राहत होती. इंग्लंडमध्ये साबणवाल्या लिव्हर कंपनीनं १८८८ मध्ये पोर्ट सनलाइट वसवलं होतं, चॉकलेटवाल्या कॅडबरीनं बोर्नव्हिल. भारतात टाटांचं जमशेदपूर जवळपास वाडीच्याच काळातलं. पण पोर्ट सनलाइटच्या मागं मोठं भांडवल होतं. वाडीच्या मागं एका छोट्या संस्थानिकाचं कर्ज होतं.

वाडीची व्यवस्था लक्ष्मणरावांचे थोरले बंधू रामुअण्णा बघत. रस्ते, झाडं, पाणी, स्वच्छता ही त्यांची कामं. इथं थांबून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. घरं बांधून झाल्यावर ती वस्ती रोज चालवणारा एक माणूस तिथं होता, आणि नळ गळतोय म्हटल्यावर कुणाकडं जायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आजच्या किती गृहप्रकल्पांत हे ठाऊक असतं?

आणि याच माळावरून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. पुढं त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांनी जी मासिकं वाचली ती पुण्या-मुंबईत नाही, नांगर बनवणाऱ्या कामगारांच्या वस्तीत सुरू झाली.

हे सगळं खरं असलं तरी वाडीचा नमुना जसाच्या तसा उचलता येत नाही. अशा वस्तीत घर कंपनीचं असतं. नोकरी आहे तोवर छप्पर, निवृत्त झालात की खोली रिकामी करायची. शाळा, पाणी, दवाखाना सगळं एका मालकाच्या मर्जीवर आणि त्याच्या धंद्याच्या तब्येतीवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तासगावच्या द्राक्षबागेत छाटणी करणाऱ्या, बेदाणा शेडवर काम करणाऱ्या, गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्या माणसाला असा एक मालक नसतोच. त्याचं काय?

मालक नाही, पण संघटना आहे : सोलापूर

याचं उत्तर शोधायला आपल्याला शेजारच्या जिल्ह्यात जावं लागेल.

सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. ब्रँचवरून पान-तंबाखू आणायचं, वळायच्या, मोजून द्यायच्या. त्यांना कुणी घरं बांधून देणार नव्हतं. माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सगळ्यांचे आडम मास्तर, यांच्या पुढाकारानं या कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. नाव दिलं वारली आदिवासींच्या लढ्यातल्या गोदूताई परुळेकरांचं. सोलापूरजवळ कुंभारीला १०,००० घरांची वसाहत झाली. केंद्राचं अनुदान, राज्याचा वाटा आणि कामगार बाईचा स्वतःचा हिस्सा असं मिळून. २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली.

पुढचा टप्पा त्याहून मोठा. त्याच कुंभारीत रे नगर, ३०,००० घरं, प्रधानमंत्री आवास योजनेतून. १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते त्यातल्या १५,००० घरांचं लोकार्पण झालं. या वेळी विडी कामगारांसोबत यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे, ड्रायव्हर असे सगळे होते. कम्युनिस्ट पुढाऱ्याच्या संस्थेची घरं, एकदा काँग्रेसच्या पंतप्रधानांच्या हस्ते आणि एकदा भाजपच्या. राजकारणाची आवड असणाऱ्यांनी यावर वेगळा लेख लिहावा.

आपल्याला यातला आकडा बघायचा आहे. एका घरात चार माणसं धरली तर ३०,००० घरं म्हणजे १ लाख २० हजार लोक. २०११ च्या जनगणनेत तासगाव शहराची लोकसंख्या ४० हजारांच्याही आत होती. म्हणजे तीन तासगावं एका माळावर.

तीन तासगावांना पाणी किती लागेल? भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर असा सरकारी निकष आहे. १ लाख २० हजार गुणिले १३५, म्हणजे रोज १ कोटी ६२ लाख लिटर. तेवढंच सांडपाणी नाही, पण त्यातलं बहुतेक परत बाहेर पडणार, त्याच्या शुद्धीकरणाची सोय हवी. शाळा किती? अंगणवाड्या किती? सकाळी सात वाजता सोलापूरकडं जायला बस किती? आणि हे सगळं चालवणार कोण? कारण कुंभारी ही ग्रामपंचायत आहे, महापालिका नाही. अनुदान आणि कर्जातून घर उभं राहतं. पाण्याच्या पंपाचं वीजबिल दर महिन्याला येतं आणि त्याला कुठलंच अनुदान जन्मभर पुरत नाही.

इथं सोलापूरच्या लोकांकडं एक गोष्ट होती जी साध्या घरकुल लाभार्थ्याकडं नसते. संघटना. विड्या वळणाऱ्या बायकांनी घरासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, त्यामुळं पाण्यासाठी कुठं जायचं आणि कसं भांडायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. एकट्या लाभार्थ्यानं पंचायत समितीत अर्ज देणं आणि हजार बायकांनी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर बसणं यात फरक असतो.

तिसरा मार्गही आहे. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात १९२० च्या दशकात महापालिकेनंच भाड्याची घरं बांधायला सुरुवात केली. १९३० मध्ये पूर्ण झालेल्या कार्ल मार्क्स होफ या वसाहतीत १,३८२ घरं होती, आणि त्यासोबत सार्वजनिक धुलाईघर, न्हाणीघरं, बालवाड्या, वाचनालय, दवाखाना. जागेच्या पाचव्या हिश्श्याहून कमी भागावर बांधकाम, बाकी मोकळं. आजही तिथं महापालिकेची घरं आहेत आणि लोक त्यात भाड्यानं राहतात. तासगाव नगरपालिकेला हे जमेल का, असा प्रश्न विचारून हसू नका. पैसा नाही हे खरं. पण जागा मोकळी सोडायला पैसा लागत नाही, नियम लागतो. त्या नियमाकडं शेवटी येऊ.

ऊन, पाणी आणि काळी माती

'शाश्वत' हा शब्द ऐकला की सोलर पॅनल डोळ्यांसमोर येतं. तासगावसाठी मात्र खालून सुरुवात करायला हवी, म्हणजे पायापासून.

काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आटते आणि तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घेतला की दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरकी चीर जाते. त्यामुळं एकतर मुरूम लागेपर्यंत खोदायचं, नाहीतर खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खुंट घ्यायचे. रुरकीच्या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेनं अशा मातीसाठीच या पद्धतीवर बरंच काम केलंय. दोन्हीत पैसे जातात. मुरमाड जमिनीवरचा लाभार्थी आणि काळ्या रानातला लाभार्थी यांना अनुदान सारखंच मिळतं, पण एकाचं अनुदान भिंतीत जातं आणि दुसऱ्याचं जमिनीत गाडलं जातं.

वरचं काय? जुन्या माळवदाच्या घरात एप्रिलमध्येही दुपारी झोप लागायची. पण माळवदाला दरवर्षी माती लागते, लाकडाला वाळवी लागते, म्हणून लोकांनी ते सोडलं. त्याला परत जा म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी आलेला पत्रा मात्र तव्यासारखा तापतो. मधला मार्ग आहे. स्लॅबच्या खालच्या भागात मंगलोरी कौलं बसवून वर काँक्रीट ओतायचं. स्लॅबचा खालचा तेवढा भाग भार घेत नाही, तिथं काँक्रीट वाया जातं, त्याऐवजी कौल घातलं की सिमेंट वाचतं आणि उष्णताही कमी उतरते. केरळमध्ये लॉरी बेकर या वास्तुविशारदानं अशी किती तरी घरं बांधली. आणि काहीच जमलं नाही तर स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत.

पाण्याचा हिशेब मात्र एकट्या घराला जमत नाही, आणि हे आकड्यानंच बघितलेलं बरं. ३०० चौरस फूट छप्पर म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरा. १४,००० लिटर पडलं, गळती-बाष्पीभवन वजा जाता ११,००० च्या आसपास हाताला लागलं. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांना २७५ लिटर. म्हणजे ४० दिवसांचं पाणी. तेही साठवायला ११,००० लिटरची टाकी असेल तर, आणि ती टाकी घरकुलाच्या बजेटमध्ये बसत नाही. हेच पन्नास घरांनी एकत्र येऊन केलं, छपरांचं पाणी एका सामायिक बोअरला किंवा विहिरीला सोडलं, तर खर्च वाटला जातो. पन्नास घरं मात्र एका जागी हवीत.

सरकारचे पैसे कशासाठी असतात?

ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजनेचं मूळ अनुदान १.२० लाख रुपये. शौचालयाचे १२,००० वेगळे, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांच्या मजुरीची तरतूद. महाराष्ट्रानं २०२५ मध्ये आपल्याकडून ५०,००० ची भर घातली, त्यातले १५,००० सौरऊर्जेसाठी. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. शहरी योजनेत, तासगाव नगरपालिकेच्या हद्दीत हीच लागू, केंद्राचे १.५ लाख आणि राज्याचा १ लाख मिळून अडीच लाख. जागाच नसेल तर ग्रामीण लाभार्थ्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदी योजना आहे, पूर्वी ५०,००० मिळायचे, आता १ लाखापर्यंत. द्राक्षपट्ट्यात पाणी आलेल्या जमिनीचा दर ज्यांना माहीत आहे ते यावर काय म्हणतील ते मी लिहीत नाही.

हे सगळे पैसे एका कुटुंबाला, एका घरासाठी. स्वतःच्या जागेवर बांधा आणि हप्ते घ्या. ही पद्धत लोकांना आवडते, कारण माणूस आपल्याच गल्लीत राहतो, ठेकेदाराच्या हातात सापडत नाही. जुन्या गावठाणात ती चांगलीच चालते, कारण तिथं शाळा, नळ, देऊळ सगळं आधीपासून आहे. अडचण येते ती नव्या वस्तीला.

वस्ती म्हणून विचार करणारी एक योजना महाराष्ट्रात आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना, भटक्या-विमुक्तांसाठी, २०११ ची. एका जागी २० कुटुंबं, प्रत्येकाला ५ गुंठे, २६९ चौरस फुटांचं घर आणि उरलेल्या जागेत पोटापाण्याचा धंदा. सोबत रस्ते, वीज, पाणी, गटार, समाजमंदिर. कागदावर याहून चांगलं काय हवं? पण २० पात्र कुटुंबं आणि त्यांना पुरेल एवढी सलग सरकारी जमीन एकत्र मिळणं हेच अवघड. पुढं याच योजनेत वैयक्तिक लाभाचीही सोय करावी लागली. म्हणजे वसाहतीची योजनाही फिरून एकेकट्या घराकडं आली.

मग गायरान आहे की, असं कुणी तरी म्हणतंच. गायरान ही गावाची सामायिक जमीन, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात अशा जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याबद्दल कडक भूमिका घेतलेली आहे. तो रस्ता सोपा नाही.

नकाशात शाळेची जागा

राहिला नियमाचा भाग. डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच बांधकाम नियमावली लागू आहे. तिच्यानुसार ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकराच्या वरच्या लेआउटला १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. शाळा-दवाखान्यासारख्या सोयींसाठीची जागा मात्र २ हेक्टरच्या, म्हणजे पाच एकरांच्या वर गेलात तरच. आता शेजारी-शेजारी चार-चार एकरांचे तीन लेआउट झाले असं समजा. बारा एकर वस्ती, आणि अशी एकही जागा सोडायचं बंधन नाही. गरिबांसाठी २० टक्के छोटी घरं ठेवण्याची सक्ती तर १० लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरांनाच. तासगाव, विटा, पलूस यांचा त्यात संबंधच येत नाही.

म्हणून छोट्या शहरात या सोयींची सगळी मदार विकास आराखड्यावर असते. कुठं शाळा होणार, कुठं दवाखाना, कुठं बाग, कुठं गरिबांची घरं, याची आरक्षणं त्यात दाखवलेली असतात. आपल्यातले बहुतेक जण तो नकाशा आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलंय का हे बघायलाच उघडतात. नकाशा नगरपालिकेत बघायला मिळतो. एकदा तो उलट्या बाजूनं बघा, आपल्या वस्तीसाठी काय राखून ठेवलंय ते.

आणि त्यातली तारीखही बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण आपोआप उठतं. मग शाळेच्या त्या जागेवरही गुंठ्याच्या दरानं प्लॉट पडतात. तुमच्या भागातल्या आरक्षणाचा क्रमांक आणि गट नंबर लिहून घ्या. आराखड्याच्या मंजुरीची तारीख बघा आणि त्यात दहा मिळवा.